खाली हाय का?

लॉकडाऊनमध्ये मालकाचा ट्रक घाटंजीत आमच्या घरासमोर उभा होता अन् त्याचा ड्रायव्हर, म्हणजे मी, घरात. बॅटरी उतरू नये म्हणून रोज सकाळी इंजिन सुरू करायचो, थोडी रेस द्यायचो, पुन्हा बंद. मग दिवसभर अंगण ते दार, दार ते अंगण.

"कायले येरझारा घालून राह्यले? बसा ना एका जागी," बायको म्हणायची. बसवतच नव्हतं.

एरवी ट्रान्सपोर्टवाले फोनवर एकच विचारायचे, "खाली हाय का?" गाडी रिकामी असली की लगेच माल मिळायचा. आता फोन वाजला रे वाजला, की समोरचा बोलायच्या आत मीच ओरडायचो, "खाली हाय!" एकदा सासूबाईंवरच ओरडलो. बायको पोट धरून हसली. माझं टाळकं सटकलं.

शेवटी मालकाचा फोन आला.

"खाली हाय, मालक!"

"मालूम हाय. म्या गाडी विकली. उद्या चाबी आणून दे."

बायको धावत बाहेर आली. "भाडं भेटलं का?"

"गाडीले गिऱ्हाईक भेटलं," मी म्हणालो. "आता मीच खाली हाय."