काठावरची पाणसळ

आज आमच्या गल्लीत डांबर पडतंय, आणि मला उत्तरेतल्या संकठा घाटाखालचा नदीचा तो उतरता, चिकट काठ आठवतोय. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, रेल्वेतून रिटायर झालेल्या बाबांनी तिथे एका मिस्त्रीकडून छोटी नाव बांधायला घेतली होती. ऊन पाठीवर होतं, बाजूला कढईत नावेच्या फटी बुजवायचं डांबर रटरटत होतं आणि बाबा बसायच्या आडव्या फळीवर पाणसळ ठेवून एका टोकाखाली पाचर सारत होते. काचेतला बुडबुडा मधोमध आला तसे ते मिस्त्रीला म्हणाले, "ठोक दो कील!" मी तेव्हा कॉलेजात होते. नावच नदीकडे कललेली मला दिसत होती. "बाबा, थांबा. पाण्यात नाव सरळ होईल आणि फळी तिरकी." "पाणसळ खोटं बोलत नाही," बाबा कडाडले. "नाही ना, पण ती या काठाचं सांगतेय, नावेचं नाही." मी नावेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुतळी ताणली, गुण्या लावून फळी तिला काटकोनात धरली आणि दोन्ही कडांपासून सारखी खाली घेतली. बुडबुडा कोपऱ्यात पळाला. मिस्त्री हातोडा उचलून बाबांकडे बघत राहिला. बाबा पाचर काढत म्हणाले, "बिटिया जैसा कहे, वैसा करो." नाव पाण्यात उतरल्यावर त्यांनी आधी फळीवर पाणसळच ठेवली. बुडबुडा डुलला, डुलला आणि मधोमध येऊन थांबला. मग बाबा घाटावर भेटेल त्याला सांगत सुटले, "फळी आमच्या मुलीने बसवलीय." गल्लीतले लोक आज नाकाला रुमाल लावून चाललेत. मी मात्र खिडकी उघडून छाती भरून वास घेतेय.