आर्लिसनं मान हलवली

आर्लिस टॅकेटचं गॅरेज ओहायोच्या दक्षिणेला, नदीकाठच्या एका गावात होतं. पंचवीस वर्षं त्यानं इंजिनं बांधली. चालू गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून तो तिचं दुखणं सांगे, आणि इंजिनाच्या बाबतीत त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे.

त्याची मुलगी नेल्डा त्या गॅरेजातच वाढली. १९७४ साली, तेविसाव्या वर्षी, तिनं एक जुनी हलकी गाडी घेतली आणि शनिवारी मातीच्या गोल ट्रॅकवर शर्यतीत उतरायचं ठरवलं. इंजिनाचा विचार तिनं महिनाभर केला होता. तिला स्मॉल ब्लॉक, म्हणजे लहान इंजिन, हवं होतं. ताकद कमी, पण बिग ब्लॉकपेक्षा दोनशे पौंडांनी हलकं. त्या ट्रॅकवर सारखं वळायचंच असतं; नाक जड झालं तर गाडी वळणार कशी, असं तिचं म्हणणं.

हे तिनं गॅरेजात कॉफी प्यायला जमलेल्या चार माणसांदेखत सांगितलं. सगळे आर्लिसकडे बघू लागले. कोपऱ्यात त्यानं हिवाळाभर खपून बांधलेलं बिग ब्लॉक उभं होतं. ते एकदा भर ट्रॅकवर गरजावं, ही त्याची हौस. पोरीचं बरोबर आहे हे त्याला कळत होतं. तरी तो म्हणाला, "स्मॉल ब्लॉक बाजारहाटाला ठीक आहे, बाई. शर्यत करायची तर मोठं बसव, नाहीतर घरी बस."

माणसं हसली. नेल्डाही कसनुसं हसली, आणि त्याच आठवड्यात बिग ब्लॉक तिच्या गाडीत बसलं.

शनिवारी शर्यतीच्या तिसऱ्या फेरीत तिनं स्टिअरिंग पुरतं फिरवलेलं आर्लिसनं कुंपणापाशी उभं राहून पाहिलं. गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन ट्रॅकच्या कडेच्या फळ्यांवर आदळली.

धावत गेलेल्या माणसांत आर्लिसचा जुना मित्र रॅन्सम पाइल होता. काय झालं, असं त्यानं विचारलं. मोडलेलं मनगट छातीशी धरून नेल्डा म्हणाली, "मीच उशिरा वळवली."

"पोरींना एवढी ताकद झेपत नाही," तिला कुंपणापाशी आणल्यावर रॅन्सम आर्लिसला म्हणाला. "पण इंजिन काय वाजत होतं तुझं!"

आर्लिसनं होकारार्थी मान हलवली. नेल्डानं ते बघितलं.

त्यानंतर घरी ती एका हातानं बटणं लावायची, आणि तो नजर चुकवून अंगणात जायचा. नवव्या दिवशी सकाळी, नाश्त्याच्या हॉटेलात भरल्या टेबलावर त्यानं सांगून टाकलं, की पोरीचं बरोबर होतं, ते आपल्याला ठाऊक होतं, आणि केवळ मिरवायला आपण तिच्या गळ्यात ते धूड बांधलं. रॅन्सम ताटातली अंडी चिवडत राहिला.

घरी येऊन त्यानं हे नेल्डाला सांगितलं.

"हे तिथं कुंपणापाशी बोलायचं होतं, डॅडी," ती म्हणाली. "मी वाट बघत होते."



प्लास्टर निघाल्यावर तिनं स्मॉल ब्लॉक स्वतः बांधलं. त्याला हात लावू दिला नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. सप्टेंबरातल्या शर्यतीत ती चौथी आली. आर्लिस गर्दीत मागे उभा होता. गाडी वळणावर अलगद फिरत होती, आणि प्रत्येक फेरीला त्याची मान आणखी खाली जात होती.