माझ्या वडिलांचं वाक्य

औरंगपुऱ्यात एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत मी आणि माझी मैत्रीण इंग्रजी बोलायला शिकवायचो. मैत्री कॉलेजपासूनची. ती सिल्लोडची, शिकायला शहरात आली आणि कितीतरी दिवस आमच्याच घरी जेवली. माझ्या वडिलांना तीही अण्णाच म्हणायची.

वर्गात वाळूजला नोकरी करणारी मुलं होती, नर्सिंगच्या मुली होत्या. त्यांना सगळ्यात जड जायचं ते चालण्या-पळण्याचं इंग्रजी. 'तो पळत बाहेर आला' याचं ती 'ही केम आउटसाइड बाय रनिंग' करायची. त्यांचं तरी काय चुकलं? मराठीत माणूस बाहेर येतो, पळणं त्याच्या सोबतीला असतं. इंग्रजीत पळणंच मुख्य. बाहेर येण्याचं काम एकट्या 'आउट'कडं. 'ही रॅन आउट.'

हे मला उमगलं ते घरच्या जिन्यावर. वाळूजच्या कारखान्यात अण्णांच्या पायावर लोखंडी साचा पडला होता. तेव्हापासून ते लंगडत उतरायचे. एका सकाळी त्यांच्याकडं बघता बघता वाक्य जुळलं : 'ही लिम्प्ड डाउन द स्टेअर्स.' लंगडणं क्रियापदात, उतरणं नुसत्या 'डाउन'मध्ये.

दुसऱ्या दिवशी वर्ग जिन्यावर नेला. कुणी पळत वर, कुणी चवड्यांवर खाली. 'रन अप', 'टिपटो डाउन'. मुलं हसत हसत शिकली. मी अण्णांचीही गोष्ट सांगितली. कठड्याला टेकून मैत्रीण ऐकत होती. म्हणाली, "तुला सुचतं कसं गं हे?"

पुढं तिनं थोडे दिवस सुट्टी मागितली. बरं वाटत नाही, म्हणाली. मी तिचेही वर्ग घेत राहिले. मग एका विद्यार्थिनीनं मोबाइल पुढं केला. "मॅडम, या आपल्याच मॅडम ना?"

व्हिडिओत ती होती. मागं दुसराच जिना. 'रन अप', 'टिपटो डाउन', सगळं त्याच क्रमानं. खाली जाहिरात, शहरातच सिडकोत तिनं काढलेल्या नव्या क्लासची. आणि मग डोळे पुसत ती म्हणाली, "माझे वडील कारखान्यात जखमी झाले. ते लंगडत जिना उतरायचे, तेव्हा मला हे वाक्य सुचलं."

तिचे वडील मी पाहिलेत. सिल्लोडच्या बाजारात ताठ चालतात.

मी लगेच फोन केला. "अण्णा तुझे कधी झाले गं?"

"अगं, उदाहरणच तर आहे. इंग्रजी काय तुझ्या एकटीचं आहे का?"

"इंग्रजी घे. जिना घे. माझा बाप कशाला घेतलास?"

"लोकांना अशा गोष्टी आवडतात," ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

अण्णांना मी काही बोलले नाही. शेजारच्यांनीच त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला. "पाय माझा मोडला, अन् बाप तिचा लंगडतोय व्हय?" एवढंच म्हणाले. त्या दिवशी जेवलेच नाहीत.

तिचा क्लास लई जोरात चाललाय. काही मुलं तिकडं गेली, काही माझ्याकडं राहिली. जिन्यावरचा धडा अजूनही घेते, पण लंगडण्याचं वाक्य मात्र जिभेवर येत नाही. मध्ये एका लग्नात ती समोर आली, अण्णांच्या पाया पडायला वाकली. अण्णांनी पाय मागं घेतले.