शिंगं उतरवणारा राक्षस

टोकावड्याजवळच्या ठाकरवाडीतल्या पोश्याला भुताची भीती, बैलाची भीती, बायकोचीही थोडी. असा माणूस सिनेमात राक्षस झाला आणि नसती आफत ओढवून बसला.

मुंबईहून एक गरीब कंपनी घाटाखालच्या रानात जादूचा सिनेमा काढायला आली होती. पोश्या उंच, शिवाय मजुरीला स्वस्त. त्याच्या डोक्यावर पुठ्ठ्याची शिंगं चढवली आणि राजकन्येला खांद्यावर टाकून पळायला सांगितलं. वाट नेमकी वाघोबाच्या दगडापुढून जाणारी. तिथे डोक्यावरचा भारा उतरवून माथा टेकल्याशिवाय आमच्याकडे कोणी पुढे जात नाही.

लाकडं गोळा करणाऱ्या लहानीने त्याला लांबून पळताना पाहिलं आणि वाडीत बोंब ठोकली, "पोश्या शिंगं घालून वाघोबापुढनं गेला!"

"मी शिंगं उतरवून पाया पडलो, खोटं नाय सांगत," पोश्या ज्याला त्याला सांगत फिरला. पण साक्षीला कंपनीचीच माणसं, आणि ती मुंबईला निघून गेलेली. भगत मंगळ्याने त्याला दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीच्या पूजेतून बाहेर काढलं. सगळी वाडी वाघोबापुढे, आणि पोश्या नि त्याची बायको यमू दार लावून घरात. फार वाईट गेला तो दिवस त्यांना.

पुढे पौषात म्हशाच्या जत्रेत, तंबूत तो सिनेमा लागला. वाडी झाडून गेली. काय तो सिनेमा! उडणाऱ्या राजाची दोरी दिसत होती. अजगराला मागून माणसाचे पाय होते आणि त्यातला एक दुसऱ्याला खाजवत होता. लोक हसून लोळत होते.

मग राक्षस आला. दगडापाशी थबकला, राजकन्येला अलगद खाली ठेवलं, शिंगं काढली, माथा टेकला. राजकन्या बिचारी पदर सावरत थांबली. मग शिंगं चढवून, तिला उचलून, तो पुन्हा आरोळी ठोकत पळाला. फिल्म महाग, म्हणून कंपनीने तो तुकडा तसाच ठेवला असणार. तंबूत एकच हशा पिकला. मी टोकावड्याचा, मीही पोट धरून हसलो.

हसली नाही ती फक्त ठाकरवाडी. यमूने पोश्याचा दंड घट्ट धरला. मंगळ्या उठून उभा राहिला. मागचे "बस खाली!" म्हणून ओरडत असताना त्याने मुंडासं काढून पडद्याला हात जोडले.

"पोश्या, येत्या वाघबारशीला नारळ तूच फोडायचा."

पोश्या सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. पडद्यावर तेव्हा राजपुत्र राक्षसाला ठार मारत होता, पण ते वाडीतल्या कोणी पाहिलंच नाही.