पाडून पाहणारे साडू

आमच्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू बंद पाडून पाहिल्याशिवाय घेतली नाही. घड्याळ बादलीत बुडवलं, रेडिओ टेबलावरून ढकलला, होणाऱ्या जावयाची तर चक्क एस.टी. चुकवली! बिचारा लोहाऱ्याच्या स्टँडवर दुपारभर न चिडता बसून राहिला, तेव्हा कुठं म्हणाले, "पोरगं चांगलं हाय, फोडा नारळ."

साडू साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागाचे साहेब. दुष्काळाचं साल, ऊस आधीच वाळलेला. काट्यावर गाड्या ताटकळल्या की वजन आणखी घटायचं आणि मार शेतकऱ्याला बसायचा. म्हणून वजनकाटा, ऊसविभाग आणि हिशेब इथले कॉम्प्युटर वायरीनं जोडायचं ठरलं. त्यांना एकत्र नांदवायला नेटवर्क ऑपरेटिंग सिस्टीम लागते, आणि ती निवडायचं काम साडूंवर आलं. निवड चुकली तर अख्खा सीझन बोंबलणार!

पुण्याहून दोन कंपन्यांची टायवाली माणसं आपापली मशिनं मांडून दाखवायला आली. पहिल्याच्या सिस्टीममध्ये सगळी मशिनं बरोबरीची. जो तो आपलं सांभाळणार, मागेल त्याला देणार. दुसऱ्याकडं सर्व्हर नावाचं एक कर्तं मशीन, सगळ्या नोंदी त्याच्यापाशी. संचालक मंडळ बघत होतं, मी पाहुणा म्हणून कोपऱ्यात चहा घेत होतो. गाडीचं वजन नोंदवलं जात असतानाच साडू उठले आणि पहिल्याच्या काट्यावरच्या मशीनचा प्लग उपटला! बाकीची मशिनं चालूच राहिली. संचालकांनी टाळ्या वाजवल्या. मग दुसऱ्याच्या सर्व्हरचा प्लगही तसाच नोंद चालू असताना उपटला, तर सगळे पडदे गपगार.

"हे नको बाबा," अध्यक्ष म्हणाले.

"थांबा की. आता उठवा दोन्ही."

पहिल्यात त्या गाडीचं वजन काट्यावर एक आणि हिशेबात भलतंच. दुसऱ्याला उठायला लई वेळ लागला, पण अर्धवट नोंद त्यानं काढून टाकली होती आणि आधीच्या साऱ्या जागच्या जागी होत्या.

"आपल्याकडं लाईट जाणारच," साडू म्हणाले. "पडणार तर दोन्ही. उठल्यावर खरं बोलतंय ते घ्या."

सीझनभर लाईट गेली की काट्यावर साडूंच्या नावानं शिव्या, आली की वजनं बरोबर. साडू दोन्ही वेळेस हसायचे.

रिटायर झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. भेटायला गेलो, तर भिंतीला धरून अंगणात पाय ओढत होते. मला भरूनच आलं.

"रडू नका," जड जिभेनं म्हणाले. "पडलो, व्हय. उठाया येळ लागतुया. इचारा काय बी."

"त्या दिवशी पहिला प्लग कुठला उपटलात?"

"काट्याचा. आन् तुमी दचकून चहा सांडला. पँटीवर."

खरंच सांडला होता. डोळे पुसत मी त्यांचा हात धरला आणि आम्ही अंगणात आणखी एक फेरी मारली.