झडतीतली गाडी

माझे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओने नेले. डावा पूर्ण गेला, उजवा नावापुरता उरला. कुबड्यांवर मी उभा राहतो, थोडाफार चालतोही. नेरच्या एका शाळेत शिकवतो आणि जवळच्याच आमच्या खेड्यात राहतो. एवढं सांगितलं की माणसं हळहळतात, आणि ती हळहळ माझ्या अंगवळणी पडली आहे. गाडी घेतली तेव्हा लोक हळहळायचे थांबले, आणि तिथून माझा गोंधळ सुरू झाला.

गाडी साधीच, लहान आणि पांढरी. ब्रेक आणि वेग दोन्ही हातानेच सांभाळता यावेत म्हणून स्टिअरिंगजवळ एक दांडी बसवून घेतली आहे. अपंगांना गाडीच्या करात सरकार सवलत देतं, ती मी घेतली. बाकीचं बँकेचं कर्ज, ते पगारातून जातं. पण मागच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्र चिकटलं आणि गावाने ठरवून टाकलं की सरकारने मला फुकटात कार दिली. पारावर बसून मी सवलत म्हणजे काय ते सगळ्यांना समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. उठता उठता एकाने विचारलं, पेट्रोलही तिकडूनच येतं का. त्यानंतर मी समजावणं सोडून दिलं.

मग एकेक जण घरी यायला लागला. सोयाबीन-तुरीचं चांगलं रान असलेले एक काका आले. चार घोट चहा पोटात गेल्यावर म्हणाले की त्यांचाही गुडघा दुखतो, तर सर्टिफिकेट कुठे मिळतं. मी म्हटलं, काका, तुम्ही कालच विहिरीच्या कठड्यावरून उडी मारून उतरलात. त्यावर ते रागावले, आणि मलाच अपराध्यासारखं वाटलं. एक म्हातारी आजी लहानपणी माझ्या पायांवरून हात फिरवून रडायची. तिने गाडीवरूनही तसाच हात फिरवला आणि मला म्हणाली, "पाय गेले तं गेले बाप्पा, कार तं आली." मी हसलो. हसायला नको होतं की काय, हे मला आजही सांगता येत नाही. गाडीत बसून राहिलो तर मी साहेब झालो, खाली उतरून दोन पावलं चाललो तर 'हा तं चालते ना' अशी कुजबुज. नक्की किती अपंग असलं म्हणजे लोकांना चालतं, ते एकदा कोणीतरी सांगून टाकावं.

पण या सगळ्यांचं मला फारसं वाटलं नाही. वाटलं ते माझ्या मित्राचं. शाळेत असताना नाल्याला पाणी आलं की तो मला पाठीवर घेऊन पलीकडे न्यायचा. पुढे सायकलवर डबलसीट, आणि नोकरी लागल्यावर रोज सकाळी त्याच्या मोटरसायकलवर नेरला. शाळेच्या फाटकाशी तो गाडी लावायचा, माझ्यासमोर पाठ करून वाकायचा आणि मला वर्गापर्यंत न्यायचा. गाव त्याचं कौतुक करायचं, पोरगं पुण्य कमावून राह्यलं म्हणायचं. पाठीवर मी असायचो, त्यामुळे ते कौतुक मलाही ऐकू यायचं. मी कार घेतली तेव्हा पेढे त्यानेच वाटले, आणि त्यानंतर तो आमच्याकडे यायचाच बंद झाला. शेतात डवरणीचे, पिकातलं तण काढायचे दिवस होते, मी म्हटलं कामात असेल.

मग पोळा आला. आमच्याकडे पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या म्हणतात. झडती म्हणजे जुळवलेल्या ओळी. तिच्यात सरपंचापासून जावयापर्यंत कोणाचीही टर उडवावी, आणि ज्याची उडाली त्याने राग धरायचा नाही अशी रीत आहे. मी कडेला गाडी लावून, काच खाली करून पाहत होतो. मित्र आपली जोडी घेऊन पुढे आला आणि त्याने खड्या आवाजात झडती टाकली:

"धड पायाचा मानूस हिंडे उन्हातान्हात पायी,
लंगड्या पायाले कार भेटली, आमाले काहून नाही?"

हर हर महादेवचा गजर झाला, सगळा पोळा हसला, रीत म्हणून मीही हसलो. पण तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या तळपायातूनही ती तितक्याच वेगाने जाते, एवढं मला त्या दिवशी समजलं.

पोळा फुटला की बैल घरोघरी पूजेला नेतात. दरवर्षीप्रमाणे तो आमच्या दारात आला. बायकोने बैलांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी चारली. ती आत गेल्यावर मी ओट्यावरूनच त्याला विचारलं, एवढा राग होता तर घरी येऊन बोलायचं, गावापुढे कशाला.

तो बैलाची झूल नीट करत राहिला. मग म्हणाला, "राग नाही रे. सकाळी उठतो अन् मले कुठं जायाचं हेच समजत नाही." झुलीची गाठ आवळून म्हणाला, "तुह्या पायाचं सर्टिफिकेट निघते. माह्या पाठीचं कुठं निघते?"

मला वाईट वाटलं, रागही होताच, आणि त्यातलं कोणतं खरं ते कळेना. शेवटी म्हटलं, शाळा उघडली की सकाळी ये, सोबत जाऊ.

तो आला. शेजारच्या सीटवर पाय आखडून बसला, परक्याच्या घरी बसावं तसा. मी हाताने ब्रेक दाबला की त्याचा पाय आपोआप खाली दाबला जात होता. फाटकाशी गाडी थांबली. तो उतरला, फिरून माझ्या दाराशी आला आणि नेहमीसारखा पाठ करून वाकला.

याच एका गोष्टीसाठी मी गाडी घेतली होती. विद्यार्थ्यांसमोरून माणसाच्या पाठीवर बसून पुन्हा कधी जायचं नव्हतं. पोरं पाहत होती. तो वाकूनच होता.

मी एक कुबडी काढली, दुसरी मागच्या सीटवरच राहू दिली. उतरून उभा राहिलो आणि मोकळा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. तो सरळ झाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आम्ही वर्गाकडे निघालो तर तो सारखा पुढे जाई, थांबे, पुन्हा अडखळे. माझ्या चालीने चालणं त्याला जमतच नव्हतं. इतकी वर्षं त्याने मला नेलं होतं, पण बरोबर चाललो नव्हतो आम्ही कधीच.