बारा खुर्च्यांचं भाडं

रोल्ल्यातल्या खुर्च्यावाल्या चाचांइतका मोजणारा माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा नसेल. शारजातल्या त्या गजबजाटात त्यांचं खुर्च्या आणि स्वयंपाकाच्या मोठाल्या देगा भाड्याने द्यायचं दुकान आहे. आमच्या मंडळाचं हळदीकुंकू असो की त्यांच्या रत्नागिरीकरांचा इफ्तार, खुर्च्या चाचांच्याच. अंगाने काटकुळे, उंचीने अगदी बुटके आणि सकाळपासून उभे. "बसलेल्या खुर्चीचं भाडं येत नाही, बाय!" असं म्हणून स्वतः कधी टेकायचे नाहीत. लग्नात नवरानवरीकडे ढुंकून न बघता रांगा मोजत फिरायचे. एकदा एक खुर्ची कमी भरली, तर नवऱ्यामुलाच्या आजोबांना उभं करून त्यांनी खात्री करून घेतली! दिरहमचे रुपये करायची खोड आम्हा सगळ्यांनाच आहे, पण चाचा अजून ते इथे आले त्या वर्षीच्या भावाने, म्हणजे बाराने गुणतात. आजचा भाव सांगितला की म्हणतात, "तो तुमचा. माझा दिरहम बाराचाच."

अशा माणसाला मी व्याजाचं विचारेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझं शिक्षण तीन कर्जांवर झालं आणि त्यापायी बाबांचं कल्याणचं घर गहाण पडलं. बाबा फोनवर भरभरून बोलायचे, घराच्या कागदांचा विषय निघाला की मात्र गप्प. मला ते सहन व्हायचं नाही. तेवढ्यात अबुधाबीचा एक चकचकीत एजंट भेटला. तिन्ही कर्जं बंद, एकच हप्ता, पाच वर्षं, फ्लॅट रेट सहा टक्के, आणि घराचे कागद महिन्याभरात बाबांच्या हातात! मी हिशेब केला: साडेआठ, नऊ, साडेबारा, सरासरी दहा. दहाचे सहा होतायत म्हटल्यावर मी हुरळलेच.

सहीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या खुर्च्या परत करायला गेले आणि मोठ्या तोऱ्यात चाचांना फॉर्म दाखवला. त्यांनी चष्मा पुसला आणि पानांच्या आकड्यांसकट सगळा फॉर्म मोठ्याने वाचून काढला.

"कुठलं कर्ज किती?"

"साडेआठचं चौदा लाख, नऊचं चार, साडेबाराचं दोन."

"मग सरासरी दहा कशी, बाय? विसातले चौदा तर साडेआठवर आहेत. तुला नऊच पडतंय."

मी म्हटलं, नऊ तर नऊ, सहा तरी कमीच ना? चाचांनी बारा खुर्च्या ओळीने मांडल्या.

"या तू नेल्यास. दर महिन्याला एक परत आणलीस. आणि मी शेवटपर्यंत बाराचंच भाडं लावलं तर?"

"भांडेन मी!"

"मग याच्याशी भांड." त्यांनी सातव्या पानावर बोट ठेवलं: व्याज मूळ रकमेवर. "फेडशील तरी पुऱ्या रकमेवर व्याज. तुझे सहा म्हणजे जवळजवळ अकरा."

सहीच्या एकच दिवस आधी वाचले होते मी! आणि मग असं काही हलकं वाटलं म्हणता, की दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या माझ्या घरापर्यंत मी गाडीत बेसूर गात गेले. एजंटला फोनवर म्हटलं, "हबीबी, खलास." चाचांच्या सांगण्यावरून आधी साडेबाराचं छोटं कर्ज संपवलं, मग नऊचं, शेवटी मोठं. वेळ लागला, पण घर सुटलं.

गेल्या महिन्यात पेढे घेऊन रोल्ल्याला गेले. दुकान अर्धं रिकामं होतं. चाचा कायमचे रत्नागिरीला निघाले होते, खुर्च्या विकून.

"तुझ्या अब्बाच्या हातात कागद आले?"

"आले. फोनवर रडले."

चाचांनी उरलेल्यांतल्या दोन खुर्च्या ओढल्या, पुसल्या, एक मला दिली आणि दुसरीवर चक्क बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहत होते. त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते.